दुसऱ्या गियरमध्ये मोजलेली अश्वशक्ती: घरी जोडलेली डबी आणि वर्धा रोड

दुसरा_गियर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी १०.१५

माझ्याकडे नऊ वर्षे वापरलेली, चार सिलिंडरची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. तिच्या माहितीपत्रकात ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ८३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) असा आकडा छापलेला आहे. त्यातले आज किती उरले आहेत, हे गाडी पुण्याला नेऊन डायनोच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) रोलरवर न चढवता घरच्या घरी मोजता येईल का, या प्रश्नापायी एप्रिलपासूनचे माझे रविवार खर्ची पडत आहेत.

तत्त्व शाळेतलेच आहे. गाडीचे वस्तुमान, तिचे त्वरण आणि त्या क्षणाचा वेग यांचा गुणाकार केला की गाडीला पुढे ढकलण्यात खर्च होणारी शक्ती वॅटमध्ये मिळते, आणि तिला ७३५.५ ने भागले की पीएस मिळतात. वेग आणि त्वरण मोजायला नागपुरातल्या बर्डीहून आणलेले ईएसपी३२ (छोटा संगणक-बोर्ड), दहा हर्ट्झवर (सेकंदाला दहा नोंदी) चालणारे एनईओ-एम८एन जीपीएस मॉड्यूल, एमपीयू-६०५० हा त्वरणमापक, बीएमपी२८० हा वायुदाबमापक आणि एसडी कार्डाचा सॉकेट, हे सर्व जेवणाच्या जुन्या प्लॅस्टिक डब्यात बसवले. वस्तुमानासाठी आरसीवरच्या अनलेडन वेटवर (रिकाम्या गाडीच्या वजनावर) विसंबून न राहता कळमन्याच्या बाजूला एका धरमकाट्यावर गाडी उभी केली. अर्ध्या टाकीसह १०१० किलो भरले आणि माझे ७५ धरून १०८५ झाले. संत्र्यांच्या ट्रकांच्या रांगेत रिकामी हॅचबॅक घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे काटेवाल्याने ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता, ४५ अंशांच्या उन्हात, फक्त त्वरणमापकावर मोजणी केली. चाकांपाशी ७३ पीएस आले, गियरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये १३ टक्के जातात असे गृहीत धरून इंजिनपाशी ८४ झाले, आणि नऊ वर्षांची गाडी कंपनीच्या दाव्यापेक्षा एक पीएस जास्तच देते म्हणून घरी सर्वांना चहा पाजला.

संध्याकाळी डबी काढायला गेलो, तेव्हा दुहेरी चिकटपट्टी उन्हाने गुळासारखी ओघळली होती आणि डबीची मागची कड खाली घसरली होती. मोबाइलने कोन पाहिला तर तीन अंश. त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक कळत नाही. तीन अंशांनी नाक वर झालेल्या डबीला दर सेकंदाला ०.५१ मीटर प्रति सेकंद इतके फुकटचे त्वरण दिसते, आणि ताशी ७६ किमी वेगाला, जिथला आकडा मी घेतो, माझ्या गाडीच्या वजनासाठी त्याचे १६ पीएस होतात. त्यात जोर लावताना गाडी मागे बसते, तो अंदाजे एक अंश मिळवा, म्हणजे आणखी ५. असे २१ पीएस हवेतून आले होते. दुसरीकडे मी हवेचा व टायरचा विरोध आणि फिरणाऱ्या भागांचे जडत्व हिशेबातच धरले नव्हते, त्यामुळे सुमारे १२ पीएस गळाले होते. चुकांनी चुकांना बऱ्यापैकी झाकले आणि उत्तर छापील आकड्याशेजारी जाऊन बसले.

म्हणून आता त्वरणमापक बाजूला ठेवून सर्व काम जीपीएसवर आणले आहे. जीपीएस वेग काढते तो उपग्रहाच्या लहरींच्या डॉप्लर फरकावरून (गतीमुळे लहरींची वारंवारता बदलते त्यावरून), त्यामुळे डबी वाकडी असली तरी त्याला फरक पडत नाही, आणि रस्त्याच्या चढ-उताराचाही प्रश्न उरत नाही. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे सकाळी साडेसहाला, ३१ अंशांत, दोन्ही दिशांनी प्रत्येकी पाच फेऱ्या केल्या. जाताना चाकांपाशी सरासरी ६९ पीएस आणि येताना ६३ आले. एवढे अंतर का पडले, ते कळत नाही. वाराही नव्हता. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

तर्रीपोहे | रविवार, सकाळी ११.०२

लेख आवडला, परंतु एक गंभीर शंका आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींबरोबर वेगाच्या चाचण्यांचाही उल्लेख आहे आणि त्यासाठी शासनाची लेखी परवानगी लागते. आपण हायवेवर नेमके काय करता, ते स्पष्ट लिहावे, नाहीतर हा धागा वाचून कोणीतरी रिंग रोडवर शून्य ते शंभर मोजायला निघेल.

---

दुसरा_गियर | रविवार, सकाळी ११.४०

शंका रास्त आहे. मी शून्य ते शंभर मोजलेले नाही आणि मोजणारही नाही. शक्तीसाठी त्याची गरजच पडत नाही. माझ्या गाडीचा दुसरा गियर ६००० आरपीएमला साधारण ८२ किमीवर पोहोचतो, म्हणजे सर्वाधिक शक्तीचा बिंदू फलकावरच्या मर्यादेच्या आतच मिळतो. रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गियरमध्ये २० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर देतो आणि ८० ला सोडतो. एरवी सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना गाडी जेवढी पळवतो, तेवढीच ही पळवणे असते. २० ते ८० ला ८.६ सेकंद लागतात. नजर रस्त्यावरच असते, डबी आपोआप नोंदते आणि आकडे घरी येऊन पाहतो. तरीही हा कायद्याचा निर्वाळा नव्हे, ज्याला शंका असेल त्याने बंदिस्त आवारच शोधावे. समृद्धी महामार्गाचे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तिथे मध्येच थांबून परत वळता येत नाही आणि दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय या हिशेबाला अर्थ नाही.

---

सोल्डरवाला | रविवार, दुपारी १.२५

दोन तांत्रिक प्रश्न. एनईओ-एम८एन कारखान्यातून ९६०० बॉडवर (माहिती पाठवण्याचा वेग) येते. दहा हर्ट्झ केल्यावर सर्व एनएमईए वाक्ये (जीपीएसच्या ठरावीक साच्यातल्या नोंदी) त्या वेगात मावत नाहीत आणि अधूनमधून नोंदी गळतात. आपण बॉड वाढवला का? दुसरे, एसडी कार्ड लिहिताना मध्येच शे-दीडशे मिलिसेकंद अडून बसते, त्या काळात येणाऱ्या नोंदींचे काय करता?

---

दुसरा_गियर | रविवार, दुपारी २.१०

बॉड १,१५,२०० केला आणि आरएमसी (वेग देणारे वाक्य) सोडून बाकीची वाक्ये बंद केली. आरएमसीमध्ये वेग नॉटमध्ये येतो, त्याला १.८५२ ने गुणायचे असते; पहिल्या रात्री मी ते विसरलो होतो आणि गाडी ताशी ४३ च्या वर जातच नव्हती. ईएसपी३२ ला दोन कोअर असल्याने एका कोअरवर वाचन आणि दुसऱ्यावर लेखन ठेवले आहे, मध्ये दोन बफर (तात्पुरते साठे) आहेत.

लागून आलेल्या दोन वेगांची वजाबाकी करून त्वरण काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. वेगात ०.०५ मीटर प्रति सेकंद एवढी थरथर असली, तरी एक दशांश सेकंदाने भागल्यावर ती त्वरणात ०.७ इतकी होते, आणि माझे सगळे त्वरण १.७ च्या आसपास आहे. मी एका सेकंदातल्या अकरा बिंदूंतून सरळ रेषा बसवतो आणि तिचा चढ घेतो.

---

प्रयोगवही | रविवार, रात्री ९.३०

मी भौतिकशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. आपले हिशेब वाचून आनंद झाला, पण एका वाक्याशी मी सहमत नाही. आपण लिहिले आहे की जीपीएस घेतल्यावर चढ-उताराचा प्रश्न उरत नाही. वस्तुस्थिती बरोबर उलट आहे.

गाडी चढावर असते तेव्हा इंजिनाच्या जोराचा एक भाग गाडी वर उचलण्यात जातो. जीपीएसला तो दिसत नाही, त्याला केवळ वेग किती वाढला एवढेच दिसते. शंभर मीटरला एक मीटर हा चढ डोळ्यांना जाणवतही नाही, पण आपल्या गाडीसाठी ७६ किमी वेगाला तो ३ पीएस खातो. उतरताना तेवढेच बक्षीस देतो. आपल्या ६९ आणि ६३ चे उत्तर इथे आहे, जाताना आपण अगदी सौम्य उतारावर असणार.

आता आपण ज्याला बाजूला ठेवले त्या त्वरणमापकाकडे पाहा. तो गाडीच्या बॉडीला घट्ट बसवलेला असेल, तर चढावर त्याला त्वरणही दिसते आणि गुरुत्वाकर्षणाचा मागे ओढणारा घटकही, आणि या दोहोंची बेरीज म्हणजे टायरने रस्त्यावर लावलेल्या जोरातून हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाऊन जे उरते ते. आपल्याला नेमके तेच हवे आहे! ज्याला आपण त्याचा दोष समजलात, तो इथे गुण आहे. त्याला फसवते ती एकच गोष्ट, बॉडीचा रस्त्याशी असलेला कोन बदलणे, म्हणजे आपली चिकटपट्टी आणि गाडीचे मागे बसणे. मात्र त्याचे शून्य सपाट जागी ठरवले पाहिजे. चढावर उभे राहून शून्य केले, तर हा गुण आपल्या हाताने पुसला जातो. सपाट जागा सापडत नसेल, तर एकाच ठिकाणी गाडी दोन्ही दिशांना तोंड करून उभी करावी आणि दोन वाचनांची सरासरी घ्यावी.

आणखी एक. चौपदरी रस्त्यावर येण्याची आणि जाण्याची बाजू वेगळी असते, त्यामुळे दोन्हींचा उतार सारखाच असेल असे धरू नये.

---

दुसरा_गियर | रविवार, रात्री १०.०५

सर, चूक मान्य आहे. महिनाभर ज्या भागाला दोष देत होतो, तोच बरोबर होता म्हणायचे. डबी आता डॅशबोर्डवर नको, सीटच्या रुळाच्या बोल्टला लोखंडी पट्टी लावून बसवतो आणि पुढच्या रविवारी दोन्ही नोंदी एकत्र घेतो.

---

गॅरेज_हिंगणा_रोड | सोमवार, रात्री ८.४५

मी गॅरेज चालवतो, तुमच्यासारखा हिशेब मला येत नाही, पण एक उपाय सुचवतो. ओबीडीला (गाडीच्या तपासणीचा सॉकेट) ब्लूटूथचा ईएलएम३२७ अडॅप्टर लावून वेग वाचू नका, तो पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, मध्ये काही नाही, त्यामुळे आलेख जिन्यासारखा दिसतो. आरपीएम वाचा. आरपीएम पाव पावाच्या पायरीने येतो. गियर एकच आणि क्लच घसरत नसेल तर आरपीएम म्हणजेच वेग, गुणक काढायला एकदा जीपीएसशी जुळवून घ्यायचे. स्वस्तातला ईएलएम हळू उत्तर देतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट विचारायची.

दुसरे, एसी लावून आणि बंद करून फरक मोजाल, तर फसाल. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच कॉम्प्रेसर सोडून देतो.

---

दुसरा_गियर | सोमवार, रात्री ९.२०

भाऊ, एसीचे हे मला आधी कळले असते, तर एक रविवार वाचला असता. एसी लावून आणि बंद करून आकडे सारखेच आले, तेव्हा मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो होतो.

---

अजनीकर | मंगळवार, सकाळी ७.५०

हवेचा आणि टायरचा विरोध आपण कसा धरला? पुस्तकातला गुणांक घेतला की मोजला? आणि इंजिनाचा आकडा हवामानाप्रमाणे दुरुस्त केला का? नागपूरच्या मे महिन्यात गाडी मरगळते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

---

दुसरा_गियर | मंगळवार, रात्री १०.३०

मोजला. मागे वाहन नसताना ८५ ला गाडी न्यूट्रल करून तिला आपोआप मंद होऊ दिले, तेही दोन्ही दिशांनी. इंजिन मात्र चालूच ठेवायचे, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. ७६ च्या आसपास वेग दर सेकंदाला सरासरी ताशी ०.९३ किमीने उतरत होता. चाकांच्या जडत्वासाठी तीन टक्के वाढवून त्याचा विरोध २९० न्यूटन आला, म्हणजे त्या वेगाला ६.१ किलोवॅट किंवा ८ पीएस.

मग पूर्ण हिशेब असा होतो. ७६ किमी म्हणजे सेकंदाला २१.१ मीटर. दोन्ही दिशांचे सरासरी त्वरण १.७२. त्याला १०८५ किलोने आणि २१.१ ने गुणले की ३९.४ किलोवॅट. दुसऱ्या गियरमध्ये चाकांसोबत फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टलाही गती द्यावी लागते, त्यासाठी ८ टक्के धरले, ४२.५ झाले. त्यात विरोधाचे ६.१ मिळवले की चाकांपाशी ४८.६ किलोवॅट, म्हणजे ६६ पीएस.

इथपर्यंतचे बहुतेक मोजलेले आहे. पुढचे मानलेले आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. गियरबॉक्सचे १३ टक्के धरले तर इंजिनपाशी ७६ होतात. कंपनीचा आकडा २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब यांवर आणून दिलेला असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. त्या सकाळी बीएमपी२८० ने ९६.७ दाखवले आणि त्यातून बाष्पाचा दीडेक वजा जातो. प्रमाणित सूत्रात दाबाच्या गुणोत्तराचा १.२ वा घात आणि निरपेक्ष तापमानाच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात घेतात, त्याने ६ टक्क्यांची भर पडली आणि उत्तर ८० च्या जवळ आले. परंतु १३ च्या जागी १६ टक्के घेतले, तर हेच उत्तर ८३ होते. त्यामुळे इंजिनपाशी किती, या प्रश्नावर माझ्या डबीचे मत मी स्वतःच मोजत नाही. मला चाकांपाशीचे ६६ हवे आहेत, कारण आजचे ६६ आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा यांची तुलना करताना १३ असो वा १६, दोन्हीकडे सारखेच राहतात.

मरगळीबद्दल: याच सूत्राने मेच्या दुपारचे ४५ अंश आणि जानेवारीच्या पहाटेचे १२ अंश यांत नऊ-दहा टक्क्यांचे अंतर पडते. म्हणजे अनुभव खरा आहे, आणि सहा महिन्यांनंतरची तुलनाही ही दुरुस्ती केल्याशिवाय करता येणार नाही.

---

तर्रीपोहे | बुधवार, दुपारी १२.१५

मग परदेशी चित्रफितींत मोबाइलएवढी यंत्रे लावून शून्य ते साठ मैल इतक्या ठामपणे कसे सांगतात?

---

सोल्डरवाला | बुधवार, दुपारी १.०५

त्यातली बरीचशी यंत्रेही दहा हर्ट्झचीच जीपीएस आहेत, प्रोग्रॅम चांगला लिहिलेला असतो एवढेच. आकडा पाहताना मात्र 'रोलआउट' वजा केला आहे का ते पाहावे. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यानंतर घड्याळ सुरू होते आणि ती पद्धत या यंत्रांनीही उचलली आहे. त्या एका फुटात तीन-चार दशांश सेकंद जातात, आणि तेवढ्याने जाहिरातीतली गाडी बदलते.

---

दुसरा_गियर | रविवार, सकाळी ११.३०

आजच्या नोंदी. डबी रुळाच्या बोल्टला घट्ट बसवली. पेट्रोल पंपाच्या आवारात दोन्हीकडे तोंड करून शून्य ठरवले. पण त्वरणमापकाच्या आलेखात एक विचित्र प्रकार दिसतो. ४१ किमीच्या आसपास, म्हणजे ३००० आरपीएमच्या जवळ येताना, आलेखावरच्या बारीक लाटा रुंद होत जातात, बरोबर ३००० ला एक मोठा फुगवटा येतो आणि पुढे लाटा पुन्हा अरुंद होतात. दहाही फेऱ्यांत त्याच जागी. ८० जवळ हेच पुन्हा सुरू होते. जीपीएसमध्ये यातले काहीच नाही. इंजिनाच्या टॉर्कमध्ये असे काही असू शकते का?

---

सोल्डरवाला | रविवार, दुपारी १२.१०

त्वरणमापक सेकंदाला किती वेळा वाचता?

---

दुसरा_गियर | रविवार, दुपारी १२.१४

शंभर.

---

सोल्डरवाला | रविवार, दुपारी १२.४०

मग इंजिन निर्दोष आहे. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटते. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे, म्हणजे शंभर ठोके. आपणही सेकंदाला शंभरच वेळा डोकावता, त्यामुळे प्रत्येक वेळी ठोक्याचा तोच भाग दिसतो आणि कंपन हे कंपन न वाटता स्थिर त्वरण वाटते. ट्यूबलाइटखाली फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो, तसाच हा प्रकार. ६००० ला दोनशे ठोके होतात, म्हणून तिथेही तेच.

एमपीयू-६०५० मध्ये आतच गाळणी आहे, पण ती चालू झाल्यावर जवळपास उघडीच असते. २६ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (चिपची सेटिंग ठेवण्याची जागा) ४ लिहा, म्हणजे साधारण २१ हर्ट्झच्या वरचे कंपन चिपच्या आतच गाळले जाईल. नंतर संगणकावर कितीही गुळगुळीत केले तरी हा फुगवटा जाणार नाही, कारण एकदा नोंदला गेला की तो खऱ्या त्वरणापासून वेगळा ओळखता येत नाही.

---

दुसरा_गियर | पुढचा रविवार, सकाळी १०.५०

एका ओळीचा बदल केला आणि फुगवटा गेला. आजचे आकडे: जीपीएसवर जाताना ६९, येताना ६३, सरासरी ६६. त्वरणमापकावर जाताना ७१ आणि येताना ७२. प्रयोगवही सरांनी म्हटल्याप्रमाणे त्याच्या लेखी दिशा उरलीच नाही. सरासरीतला ५ चा फरक म्हणजे जोर लावताना गाडीचे मागे बसणे, ७६ किमीला तो बरोबर एक अंश भरतो. आता हा अंश वजा केला की त्वरणमापकावर एकाच दिशेच्या फेऱ्या पुरतात.

त्याच दिवशी एअर फिल्टर बदलून पुन्हा पाच फेऱ्या केल्या. ६६.६ आले.

---

प्रयोगवही | पुढचा रविवार, सायंकाळी ६.००

एकाच दिवशीच्या, काहीही न बदलता केलेल्या फेऱ्यांत आपले आकडे किती विखुरतात?

---

दुसरा_गियर | पुढचा रविवार, सायंकाळी ६.२०

६४.८ ते ६७.५. म्हणजे फिल्टरने फरक पाडला असे म्हणता येत नाही. फिल्टरचे पैसे मात्र निश्चित गेले.

---

गॅरेज_हिंगणा_रोड | गुरुवार, रात्री ९.१०

दुसरा_गियर भाऊंकडून डबी दोन दिवस मागून आणली होती, त्याचे सांगतो. एक गिऱ्हाईक तीन महिन्यांपासून गाडी ओढत नाही म्हणून फिरत होते. स्कॅनरला कोड नाही, दुसरीकडे प्लग, कॉइल, पेट्रोल पंप सगळे बदलून झालेले. या गाडीचे वजन मला माहीत नव्हते, म्हणून पीएस किती ते सोडले आणि नुसता आलेखाचा आकार पाहिला. धडधाकट गाडीचा आलेख ६००० च्या आसपासपर्यंत चढत जातो. हिचा ३८०० पर्यंत व्यवस्थित चढला आणि तिथून खाली वळला. इंजिन जास्त हवा मागते तेव्हाच अडते, म्हणजे श्वास घेताना किंवा सोडताना कुठेतरी कोंडी आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. अडीच हजार आरपीएमला ३ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत असायला हवे, तिथे ६ दाखवले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) खोलला तर आतली जाळी वितळून अर्धी बंद झालेली होती. नवा लावल्यावर आलेख ५८०० पर्यंत चढला.

डबी शनिवारी परत आणून देतो. झाकणाचा एक स्क्रू माझ्याकडून हरवला आहे, त्या जागी दुसरा लावला आहे.